तारखेची जागा

३ फेब्रुवारी

ताई,

पाकिटावर माझं अक्षर दिसलं असतं तर तू ते न फोडताच मशीनच्या खणात टाकून दिलं असतंस, म्हणून पत्ता नवऱ्याकडून लिहून घेतला. त्याचं अक्षर असं आहे की पत्र पोचलं तर सगळं श्रेय पोस्टमनचं. आता फोडलंच आहेस तर शेवटपर्यंत वाच. मध्येच घडी घालू नकोस.

बातमी आईने सांगितली असेलच, तिला कुठली गोष्ट दोन दिवसांवर धरवत नाही. मला दिवस गेलेत. पाचवा महिना लागला. दोनदा हातचं गेल्यावर, छत्तिसाव्या वर्षी, मी आशा सोडून दिली होती. आता सकाळी उठल्यावर आधी पोटावर हात ठेवून बघते, आहे ना जागेवर, आणि मगच चहाचं आधण ठेवते. तुझा मेहुणा दिवसभर लोकांच्या लिफ्ट दुरुस्त करतो आणि आमच्या इमारतीत लिफ्ट नाही. मी तीन जिने चढते तेव्हा तो मागून असा चालतो, जणू मी काचेची बरणी आहे. मला राग येतो आणि बरंही वाटतं.

आता मुद्द्यावर येते. गेल्या सोमवारी मी रजेचा अर्ज दिला. आपल्या व्यवस्थापकांना टाचणी हे नाव तूच ठेवलं होतंस, ते अजून टिकून आहे, आणि टाचणीसाहेबही अजून टिकून आहेत. त्यांनी अर्ज वाचला, दुमडला आणि गोड आवाजात विचारलं, "तुझा कागद आहे ना फाइलला?"

कुठला कागद ते तुला सांगायला नको. अजूनही प्रत्येक बाईकडून नोकरीवर घेतानाच घेतात. "मी स्वखुशीने नोकरी सोडत आहे" एवढा छापील मजकूर, खाली आपली सही, आणि वर उजव्या कोपऱ्यात तारखेची जागा कोरी. पुरुषांकडून घेत नाहीत. दिवसाला नऊशे झबली शिवणारी कंपनी आपली, पण कामावरच्या बाईला मूल होणार म्हटलं की यांना आकाशातून दगड पडल्यासारखं होतं.

या वेळी मी गप्प बसले नाही. कामगार कार्यालयात गेले. तिथल्या अधिकारी बाई फार बोलत नाहीत, पेन्सिलीने टेबलावर टकटक करत ऐकतात. त्या म्हणाल्या, खाजगी कंपनी असली तरी सहा महिन्यांची पगारी रजा तुमचा हक्क आहे, आणि या कारणावरून कोणी कामावरून काढू शकत नाही. पण कंपनी म्हणणार की असा कोरा कागद कोणाकडून घेतच नाही. "पद्धत आहे हे दाखवा. असा कागद वापरून काढलेली एक बाई आणा."

ताई, ती बाई तू आहेस. तुझ्या रजेच्या अर्जाची प्रत तुझ्याकडे आहे, आवक शिक्का मारलेली, मंगळवार २१ तारीख. आणि राजीनाम्याची झेरॉक्स, जी त्यांनी तुझ्या हातात ठेवली, तिच्यावर टाचणीने तारीख घातली १९, म्हणजे रविवार. रविवारी आपल्या फाटकाला कुलूप असतं. बंद कंपनीत राजीनामा देणारी आणि दोन दिवसांनी रजा मागणारी बाई जगात कुठे असेल? ते दोन कागद पाठव. सुनावणी दहा मार्चला आहे.

पत्ता खाली दिलाय. तोच आहे, जुना.

धाकटी


१३ फेब्रुवारी

ताई,

दहा दिवस झाले. मी रोज खाली जाऊन टपालपेटी उघडते. त्यात विजेचं बिल आणि शिकवणीच्या जाहिराती येतात.

मला माहीत आहे तुला राग कशाचा आहे. तुला काढल्यावर मी त्याच नोकरीत राहिले. तू मला तिथे चिकटवलंस, टाचणीपुढे माझी हमी घेतलीस, आणि तू बाहेर पडलीस तरी मी दुसऱ्या दिवशी डबा घेऊन कामावर गेले. बाबा अंथरुणावर होते, घरात माझाच पगार उरला होता, हे खरं. पण तू कटिंगच्या टेबलावर उभी राहिलीस की चार पुरुष मास्तर कात्री खाली ठेवून बघत बसायचे, आणि मी मात्र कार्यालयात हजेरीपट भरणारी एक कारकून. जायचंच होतं तर मी जायला हवं होतं, असंच तुला वाटत असणार.

इकडे माझं टेबल हलवून कोठीशेजारी नेलंय. तिथे खिडकी नाही, पण कापडाचा वास छान आहे. काल टाचणी येऊन म्हणाले, "महिनाअखेरीचं बघू या का?" म्हणजे माझ्या कागदावर कुठली तारीख घालायची ते ठरवतायत. मी म्हटलं, "साहेब, सुनावणी झाल्यावर बघा." त्यांचा चेहरा असा झाला की मला दिवसभर हसू येत होतं. संध्याकाळी मात्र स्वच्छतागृहात जाऊन रडले. काज-बटणवाली वहिनी आहे ना, तुझ्या वेळी नवी लागलेली, तिने दाराबाहेर उभं राहून कोणाला आत येऊ दिलं नाही. तिच्या लेकीचं लग्न झालं आणि आता तीही त्याच मशीनवर बसते. दोघींचे कागद फाइलला आहेत. ती म्हणाली, "तुझं झालं तर आमचं झालं. पण मला पुढे करू नकोस गं, माझ्यात धाडस नाही." मी तिला काय सांगू? माझ्यात तरी कुठे होतं.

ताई, नुसते कागद पाठव. चिठ्ठी घालू नकोस. शिवी घातलीस तरी चालेल.

तुझा अर्ज त्या मंगळवारी अकराला आला होता, आणि एकच्या सुमारास राजीनाम्यावर तारीख पडली, हे मी अधिकारी बाईंना सांगितलंय.

धाकटी


२१ फेब्रुवारी

ताई,

मागच्या पत्राची कच्ची प्रत आज पुन्हा वाचली. शेवटी मी लिहिलंय, "तारीख पडली." तारखा काही झाडावरून पडत नाहीत.

तुझ्या राजीनाम्यावरची तारीख मी घातली.

हे वाक्य लिहायला मला बारा वर्षं लागली, आणि आज सकाळपासून चार कागद फाडावे लागले. आता पुढचंही सांगते.

तुझा अर्ज तू माझ्याच टेबलावर ठेवलास. तू खूश होतीस. माझ्या गालाला चिमटा काढून म्हणालीस, "ढब्बू, मावशी होणार तू. शिक्का नीट मार, वाकडा मारू नकोस." मी सरळ शिक्का मारला आणि प्रत तुझ्या हातात दिली. दोन तासांनी टाचणींनी आत बोलावलं. तुझा कोरा कागद माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाले, "परवाची तारीख घाल." मी म्हटलं, साहेब, ही माझी बहीण आहे. त्यांनी त्याच फाइलमधून दुसरा कागद काढून शेजारी ठेवला. तो माझा होता. "एकावर घाल, नाहीतर मी दोन्हींवर घालतो."

मी घातली. परवा म्हणजे रविवार हे मला लिहितानाच कळलं होतं. मी बोलले नाही. ती चूक कधीतरी तुझ्या उपयोगी पडेल असा विचार करून गप्प बसले, असं मी नंतर स्वतःला सांगत आले. खोटं आहे ते. बोलले असते तर साहेबांनी शनिवारची घालायला लावली असती, आणि मला पेन पुन्हा हातात घ्यायचं नव्हतं, एवढंच.

आणि एक राहिलं. त्याच महिन्यात मला कायम केलं. कंपनीकडून आलेलं पत्र मी आईला दाखवलं, तिने तुला सांगितलं, आणि तू माझं अभिनंदन केलंस. फोनवर, तुझ्या सातव्या महिन्यात, कामावरून काढलेली असताना. त्यानंतर तू बोलणं बंद केलंस. मी सगळ्यांना सांगत सुटले की ताई माझ्या नोकरीवर जळते. हे मी आपल्या आईलाही सांगितलं. लाज वाटते मला, ताई. आज माझ्या कागदावर तारीख घालायला टाचणी नवी मुलगी शोधतायत, तेवीस-चोवीस वर्षांची, नुकतीच लागलेली. ती रोज माझ्याकडे बघते आणि मान खाली घालते. ती मीच आहे.

कागद पाठवू नकोस असं वाटलं तर नको पाठवूस. मी दहा तारखेला रिकाम्या हाताने जाईन आणि जे खरं आहे ते सांगेन. माफी मागायची मला हिंमत होत नाही, पण मागते.

ढब्बू

(हे नाव लिहायचा हक्क आहे की नाही, माहीत नाही.)


१० मार्च

ताई,

आज तू तिथे होतीस, तरीही लिहिते, कारण तू बस पकडायला निघून गेलीस आणि मला बोलायला मिळालं नाही. शिवाय तू दाराशी बसली होतीस, तुला फक्त माझी पाठ दिसत होती. पुढून काय दिसलं ते सांगते.

तू आत आलीस तेव्हा मी ओळखलंच नाही. केस पिकलेत तुझे. मग तू पिशवी मांडीवर ठेवून तिचे बंद एकावर एक जुळवलेस, टोकाला टोक, आणि माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. माझ्याकडे एकदाही न बघता तू ते दोन कागद टेबलावर ठेवलेस. प्लॅस्टिकच्या पिशवीत, चुरगळलेले नाहीत, दुमडलेलेही नाहीत. बारा वर्षं कागद असा ठेवायला कटिंग मास्तरच लागतो.

अधिकारी बाईंनी आधी शिक्का वाचला, मग तारीख वाचली, मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं, जणू बारा वर्षांपूर्वीचा रविवार तिथे टांगलाय. टाचणी ताबडतोब म्हणाले की तारीख तूच स्वतःच्या हाताने घातलीस, त्यात कंपनी काय करणार. मग अधिकारी बाईंनी तुला विचारलं, हे अक्षर तुमचं का? तू म्हणालीस, नाही. मग कोणाचं?

मला वाटलं, आता तू बोट दाखवशील, आणि दाखवावंस असंही वाटलं, म्हणजे सुटले असते मी.

तू म्हणालीस, "ते मी सांगणार नाही. ज्याचं आहे त्याला तोंड आहे."

मी उभी राहिले. या पोटाला उठायला वेळ लागतो, तेवढ्या वेळात टाचणींनी माझ्याकडे रोखून बघितलं. मी म्हटलं, "माझं. साहेबांनी घालायला लावली, मी घातली." टाचणी ओरडले, म्हणजे हिनेच कबूल केलं, मग कंपनीचा काय संबंध! अधिकारी बाईंनी पेन्सिल खाली ठेवली. "फाइल कुठे आहे?" टाचणी म्हणाले, अशी फाइलच नाही. मी सांगितलं, कोठीत, शून्य ते तीन महिने असं लिहिलेल्या मापाच्या पट्ट्यांच्या खोक्यात, पट्ट्यांच्या खाली. माझं टेबल हलवताना मीच पाहिलं होतं. खिडकी नसलेल्या जागी बसवल्याबद्दल साहेबांचे आभार मानायला हवेत.

तू गेल्यावर तासाभरात निरीक्षक जाऊन खोकं घेऊन आले. चौतीस कागद निघाले. चौतीस बायका, ताई. सगळ्यांच्या तारखेच्या जागा कोऱ्या. आणि तळाशी तुझा, मूळ प्रत.

त्याआधी, जिन्यात तू मला ओलांडून जाताना म्हणालीस, "त्या एकोणिसातला तुझा नऊ मी त्याच दिवशी ओळखला होता. पाटीवर मीच गिरवून घेतलाय तो." एवढंच बोललीस आणि गेलीस.

म्हणजे तुला माहीत होतं. फोनवर अभिनंदन केलंस तेव्हाही माहीत होतं. तू माझ्या सांगण्याची वाट बघत होतीस आणि मी तुला अभिनंदनाबद्दल थँक्यू म्हटलं. कुठे तोंड लपवू मी?

पण खरं सांगू? घरी येऊन मी आज भरपूर जेवले. कितीतरी दिवसांनी.

ढब्बू


२ एप्रिल

ताई,

पत्र छोटं आहे, कारण बसलं की पाठ धरते.

निकाल लागला. माझी सहा महिन्यांची पगारी रजा मंजूर झाली, आणि परत आल्यावर माझंच टेबल मिळणार, खिडकीजवळचं. टाचणींना दुसरीकडे टोचायला पाठवलंय. मालकांनी स्वतः सगळ्यांना कटिंगच्या खोलीत बोलावलं आणि कागद ज्याचे त्याला परत दिले. काज-बटणवालीने तिचा तिथेच फाडला आणि तिच्या लेकीने तिचा जपून पर्समध्ये ठेवला. म्हणाली, "नवऱ्याला दाखवायचाय." नव्या मुलीने विचारलं, मी काय करू? मी म्हटलं, तुला हवं ते कर, पण आजच कर.

तुझ्या बाबतीत अधिकारी बाईंचा हात आखडला. फार वर्षं झाली, नोकरी परत देता येत नाही म्हणाल्या. पण कंपनीकडून लेखी घेतलंय की तू राजीनामा दिलाच नव्हतास. ते सोबत आहे. तुला त्याचा उपयोग काय, मला माहीत नाही. तुझं शिवणाचं दुकान छान चाललंय असं आई सांगते. पण माझ्यामुळे जे खोटं लिहिलं गेलं होतं ते कुठेतरी खरं लिहिलं जावं असं मला वाटत होतं.

तुझ्या राजीनाम्याची मूळ प्रतही सोबत ठेवतेय. ती फाडायला माझा हात धजला नाही, आणि तो माझा अधिकारही नाही. जाळ, फाड, चूल पेटव. तुझा कागद आहे.

या वेळी पाकिटावर पत्ता मीच लिहिलाय.

ढब्बू


२८ जून

ताई,

मुलगी झाली, हे तुला आईने फोनवर तासाभरात सांगितलंच. सोळा दिवसांची झाली. रंग कोणाचा हे ठरायचंय, आवाज मात्र सरळसरळ तुझा आहे. तिला काही नको असलं की ती हात असा उडवते, जसा तू मास्तरांना उडवायचीस.

सकाळी आठ वाजता मी खिडकीशी बसते. समोरच्या रस्त्यावरून लोक डबे घेऊन कामाला जातात. पहिल्या आठवड्यात मला कासावीस व्हायचं, चुकून रजा संपली की काय असं वाटायचं. आता मी तिला मांडीवर घेऊन त्यांच्याकडे आरामात बघते. काज-बटणवाली जाताना खालून हात करते. तिच्या लेकीला दिवस गेलेत, ताई. तिने परवा अर्ज दिला. त्या नव्या मुलीने शिक्का मारला आणि प्रत तिच्या हातात ठेवली. बस. एवढंच झालं. बाकी काहीच झालं नाही! काज-बटणवाली हे मला तीनदा सांगून गेली.

तुझं पार्सल काल आलं.

आधी झबलं निघालं. मऊ, जुन्या सुती साडीचं, शिवण बाहेरून, बाळाच्या अंगाला टोचू नये म्हणून. इतकं सुबक की आमच्या नऊशेत एकही असं नसेल. चिठ्ठी शोधली, नव्हती. मग तळाशी कागद सापडला, झबल्याचं पेपर कटिंग, ज्यावरून तू ते बेतलंस. तू पेन्सिलीने लिहिलेलं, पद्धतीप्रमाणे: "ढब्बूची. शून्य ते तीन महिने. कापडाची घडी इकडे."

मला वाटलं, साधा कागद आहे. उलटा केला.

तो तुझा राजीनामा आहे.

मी ताई म्हणून ओरडलेच. नवरा धावत आला, काय झालं, काय झालं. मी त्याला कागद दाखवला तर तो म्हणाला, हे कापायला कसं काय बरोबर मापाचं निघालं? मी म्हटलं, ताईच्या हाताला सगळंच मापाचं निघतं.

"मी स्वखुशीने" हे शब्द छातीवर आलेत. तुझी सही खाली घेरावर आहे. घडी उजवीकडे धरलीस तू, म्हणजे वरचा उजवा कोपरा गळ्यात गेला. माझी तारीख मी शोधली, ताई. कागद उजेडाला धरून शोधली. कुठेच नाही. तो कोपरा तू कापून टाकलास.

आज अंघोळीनंतर मी तिला ते झबलं घातलं. त्याच गळ्यातून तिचं डोकं वर आलं, केस विस्कटलेले, आणि माझ्याकडे अशी रागाने बघायला लागली की मी हसत सुटले, आणि मग हसता हसता रडले. तिला काही कळलं नाही. तिने हात उडवला.

झबलं थोडं सैल होतंय. तू नेहमी म्हणायचीस, पोरांचं सैलच शिवावं. पण तीन महिन्यांनी दुसरं लागेल, आणि या पोरीचं माप पत्रातून कळवता येणार नाही, ती एका जागी ठरत नाही. तुझ्या लेकीला घेऊन ये. तिला अजून पाहिलं नाही मी, बारा वर्षांची झाली.

बसचं वेळापत्रक कळवू नकोस, घाई करू नकोस, तुझं दुकान सांभाळून ये. सकाळी ये, दुपारी ये, आठवड्याच्या मध्येच ये.

मी सहा महिने घरीच आहे.

तुझी
ढब्बू